कोण बोलतंय आणि कुणाशी? कवितेचा सूर आणि वातावरण यांविषयी

साहित्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘कवितेचा सूर गंभीर असून वातावरण उदास आहे, असं लिहिलं की तपासणारे बाजूला “म्हणजे काय?” असा शेरा मारून गुण कापतात. टोन आणि मूड यांत नेमका फरक काय? तो ओळखायचा कसा, लिहायचा कसा? आणि एकाच कवितेत दोन सूर असू शकतात का?’

शेरा मारणाऱ्याचं चुकलेलं नाही, पण त्याने पुढची वाट दाखवायला हवी होती. तुमचं वाक्य शंभर कवितांना चालेल. अडचण तिथेच आहे. सूर ‘कसा आहे’ हा प्रश्न आधी विचारला की हाताशी विशेषणंच येतात: गंभीर, उदास, उपरोधिक, हळवा. मी वर्गात हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारायचं, इथे कोण बोलतंय आणि कुणाशी बोलतंय.

बोलणारा ज्या गोष्टीबद्दल बोलतो तिच्याकडे आणि ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे तो कोणत्या नजरेने बघतो, ते त्याच्या बोलण्यातून कळतं. तो सूर, म्हणजे टोन. वाचता वाचता आपल्याभोवती जो भाव दाटत जातो, जो कुठल्या एका वाक्यात सापडत नाही पण सगळ्या मजकुरात भरून असतो, ते वातावरण, म्हणजे मूड. बऱ्याचदा दोन्ही एकाच दिशेने जातात आणि मग फरक कळत नाही. ‘आनंदी आनंद गडे’ म्हणणाऱ्या कवितेत बोलणाराही आनंदात आणि वातावरणही आनंदाचं, तिथे वेगळं काय काढणार? फरक शिकायचा तर हे दोन्ही एकमेकांपासून सुटतात अशा जागा धुंडाळाव्या लागतात.

माझी आवडती जागा तुकोबांच्या गाथेत आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. तुकोबा तेव्हा ऐन विशीत होते. धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. याच हकिगतीवर त्यांचे दोन अभंग आहेत. घटना जवळजवळ त्याच, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर दोन वेगळी माणसं बोलताहेत असं वाटावं. पहिल्यातल्या या ओळी:

नये बोलों परि पाळिलें वचन ।
केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं ॥

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें ।
वेवसाय देखें तुटी येतां ॥

कोण कुणाशी बोलतंय हे इथे अभंगातच सांगितलं आहे. संतांनी विचारलं, म्हणून सांगतो आहे. खरं तर हे बोलू नये. म्हणजे बोलणारा आधीच संकोचलेला आहे. चारचौघांसमोर आपलं घरचं सांगायची वेळ आलेला माणूस जसा मोजकं, सरळ सांगतो, तसं हे सांगणं आहे. ‘अन्न अन्न करितां मेली’ ही ओळ पुन्हा वाचा. हाय नाही, अरेरे नाही, एकही विशेषण नाही. बायकोचं नाव नाही, ‘स्त्री एकी’ एवढंच. आणि क्रियापद ‘मेली’. आक्रोशाचं एकच अक्षर नसलेली ही ओळ वाचणाऱ्याचा घास अडवते. सूर संकोचाचा, जवळजवळ जमाखर्च मांडल्यासारखा कोरडा. वातावरण मात्र जीव गुदमरवणारं. उत्तरात ‘सूर करुण आहे’ असं लिहिलंत तर तुम्ही वाचकाच्या मनातली कळ उचलून बोलणाऱ्याच्या तोंडी घातलीत. तो कारुण्याने बोलतच नाहीये. तो कोरडा राहतो म्हणून आपण हलतो.

आता दुसरा. हा पूर्ण देते, कारण याचं वळण शेवटापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही.

बरें जालें देवा निघालें दिवाळें ।
बरी या दुष्काळें पीडा केली ॥

अनुतापें तुझें राहिलें चिंतन ।
जाला हा वमन संवसार ॥

बरें जालें देवा बाईल कर्कशा ।
बरी हे दुर्दशा जनामध्यें ॥

बरें जालें जगीं पावलों अपमान ।
बरें गेलें धन ढोरें गुरें ॥

बरें जालें नाहीं धरिली लोकलाज ।
बरा आलों तुज शरण देवा ॥

बरें जालें तुझें केलें देवाईल ।
लेंकरें बाईल उपेक्षिलीं ॥

तुका म्हणे बरें व्रत एकादशी ।
केलें उपवासीं जागरण ॥

ऐकणारा बदलला. आता समोर संतमंडळी नाहीत, देव आहे, आणि वारकऱ्याचा देव म्हटल्यावर अरे-तुरेचा हक्क आलाच. त्याच्याशी भांडता येतं, त्याला टोचता येतं, त्याच्यापाशी हसताही येतं. पहिल्या अभंगातले तपशील इथे एकेक करून परत येतात. दुष्काळ तोच. तिथे ‘लज्जा वाटे जीवा’ होतं, इथे ‘बरें जालें नाहीं धरिली लोकलाज’. पहिला अभंग पुढे भंगलेल्या देवळाचा आणि एकादशीच्या कीर्तनाचा उल्लेख करतो. इथेही देऊळ (‘देवाईल’) आहे, एकादशी आहे. बाकी सगळं जागच्या जागी राहून फक्त सूर पालटला तर काय होतं, हे दाखवायला मराठीत याहून चांगली जोडी मला ठाऊक नाही.

पण दुसऱ्याचा सूर कोणता? वर्गात विचारलं की पाठोपाठ दोन उत्तरं येतात. काहींना तो उपरोध वाटतो: ‘वा, देवा, छान केलंस, दिवाळं काढलंस!’ काहींना निखळ कृतज्ञता: संकटामुळे देव भेटला, म्हणून संकटाचे आभार. अशा वेळी मी वाद घालू देत नाही. मोठ्याने वाचायला लावते, तेही मुद्दाम एकाच सुरात, शेवटपर्यंत. अभिवाचनाच्या तालमीत आम्ही हेच करतो. एक सूर धरायचा आणि कुठली ओळ तो नाकारते ते बघायचं.

टोमण्याच्या सुरात पहिली ओळ झकास जाते. ‘बाईल कर्कशा’ तर टाळ्याच घेते. पण ‘बरा आलों तुज शरण देवा’ला तो सूर आपटतो, ही ओळ टोमण्यात म्हणताच येत नाही, जीभ अडखळते. बरं, मग सगळा अभंग कृतज्ञतेने वाचा. पहिल्या ओळीपासून हात जोडून. ‘अनुतापें तुझें राहिलें चिंतन’ छान बसतं. पण ‘लेंकरें बाईल उपेक्षिलीं’ इथे आवाज कुठे ठेवणार? बायकापोरांची हेळसांड झाली याबद्दल हात जोडून आभार मानणारा माणूस एकतर निर्दय असेल किंवा तो आतून सोलून निघालेला असेल. तुकोबा निर्दय नाहीत हे ‘अन्न अन्न करितां मेली’ने आधीच सांगितलं आहे. म्हणजे या ओळीतलं ‘बरें’ आपल्याच अंगावर ओढलेलं आहे. देवाला सांगता सांगता तो स्वतःला टोचतो आहे.

आणि शेवटची ओळ. दुष्काळात घरात दाणा नाही, पोटात भूक, रात्री झोप नाही. त्याला तो म्हणतो, चला, एकादशी घडली, उपास झाला, जागरण झालं! ही थट्टा आहे, आणि खरंही आहे, कारण एकादशीला कीर्तनाचा आरंभ केल्याचं ते पहिल्या अभंगातच सांगून बसले आहेत. उपास आणि उपासमार इथे एका शब्दात राहतात. मला विचाराल तर हा सूर उपरोधाने सुरू होतो, मधल्या चरणांत त्याचा कडवटपणा ओसरत शरणागतीकडे वळतो, सहाव्या कडव्यात अपराधाची कळ उठते आणि शेवटी तो एका विलक्षण कोरड्या विनोदावर टेकतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. एका कवितेत दोन काय, चार सूर असू शकतात. ते कुठल्या ओळीवर वळतात एवढं तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, संतकवी आहेत, भक्तिरस लिहा आणि पुढे चला. या सवयीबद्दल थोडं बोलायलाच हवं. रस आणि मूड एकच समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. नाट्यशास्त्राने आठ रस सांगितले, शांत नंतर त्यांत आला, आणि रसाची जागा पुढच्या आचार्यांनी सहृदय रसिकाच्या आस्वादात शोधली. म्हणजे रस वातावरणाच्या बाजूला झुकतो, सुराच्या नव्हे. वर पाहिलेला पहिला अभंग करुणाचा म्हणता येईल. त्याचा सूर करुण नाही. शिवाय नऊ कप्प्यांत सगळं बसवायचं म्हटलं की बालकवींच्या ‘गोड काळिमा’सारख्या गोष्टीचं काय करायचं तेच कळेनासं होतं. तिच्याकडे येतेच.

सुरासाठी आपल्या परंपरेत अधिक जवळची संकल्पना आहे ती काकू. शब्द तोच, आवाजाची ढब बदलली की अर्थ पालटतो. नाट्यशास्त्रात नटासाठी काकूचे साकांक्ष (बोलणं अपुरं ठेवणारा) आणि निराकांक्ष (पुरं करणारा) असे प्रकार सांगितले आहेत, आणि ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटाने वक्रोक्तीचे, म्हणजे बोलण्याला वेगळा अर्थ देणाऱ्या अलंकाराचे, दोन प्रकार करताना श्लेषाच्या जोडीला काकूच ठेवला. ‘मोठा शहाणा आहेस!’ हे कौतुक की कानउघाडणी, ते आवाजावर ठरतं. नटाला आवाज असतो. छापील पानाला तो नसतो. त्यामुळे लेखकाला आवाजाची ढब शब्दांत, क्रमात आणि विरामांत पुरून ठेवावी लागते, आणि वाचकाला ती उकरून काढावी लागते. सूर ओळखणं म्हणजे एवढंच काम.

मराठीत ती पुरून ठेवायच्या जागा भरपूर आहेत. मी विद्यार्थ्यांना कायम दोनतीन गोष्टींवर पेन्सिल फिरवायला सांगते. एक, एकेरी की आदरार्थी. मराठी कथाकाराला आपल्या प्रत्येक पात्राबाबत हा निर्णय घ्यावाच लागतो. ‘मास्तर आला’ आणि ‘मास्तर आले’ यांत निवेदक कुठे उभा आहे ते कळतं. मध्येच ‘आले’चं ‘आला’ झालं तर तिथे थांबा, काहीतरी घडलं आहे. दोन, मरणाची क्रियापदं. वारला, गेला, निवर्तला, मेला, खपला, आटोपला. या यादीतून लेखकाने कुठलं उचललं यावर अर्धा सूर ठरतो. आणि तीन, ते चिमुकले शब्द जे व्याकरणाच्या तासाला कुणी विचारत नाही: म्हणे, बरं का, की, ना, तर, हो, गडे. ‘तो फार शिकला’ आणि ‘तो म्हणे फार शिकला’. दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने भुवई उंचावलेली दिसते.

आता गोड काळिमा. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता शाळेत बहुतेकांनी पाठ केलेली असते. सुरुवात आठवत असेल:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.

मग पैल टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव, दाट शेतमळे, त्यांतून अडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट, आणि ती चालली काळ्या डोहाकडे. शेवट असा:

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

तुकोबांच्या दुसऱ्या अभंगात सूर इतका पुढे आहे की वातावरणाकडे लक्षच जात नाही. इथे उलट. ‘मी’ नाही. कुणाशी बोलणं नाही. कवितेत एक माणूस दिसत नाही. गाव आहे पण लांब, वाट आहे पण तिच्यावरून कुणी जात नाही, वाटच चालते. जे काय आहे ते रंगांत आहे: हिरवा, निळा, पुन्हा हिरवा, पांढरा, मग काळा. नजर पसाऱ्याकडून एका जागी येत जाते आणि पाण्यावर थबकते. यालाच रचलेलं वातावरण म्हणायचं, आणि उत्तरात ते असंच रंगांच्या आणि नजरेच्या क्रमाने दाखवायचं. नुसतं ‘वातावरण गूढ आहे’ लिहून पळायचं नाही.

सूर अजिबातच नाही का? आहे. आठ ओळींत फक्त तीन ठिकाणी बोलणाऱ्याचा आवाज फुटतो. ‘चिमुकले’मध्ये माया आहे. ‘गोड’मध्ये पसंती आहे. आणि ‘असला’मध्ये शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी बोट करून दाखवावं तशी थक्क झालेली जवळीक आहे. आठव्या ओळीच्या शेवटून दुसऱ्या शब्दापर्यंत कवीने आपलं असणं जवळजवळ लपवलं आणि तिथे ते उघड सोडलं. हे तीन शब्द काढून त्यांच्या जागी तेवढ्याच मात्रांचे बेरंग शब्द घालून बघा. चित्र तसंच राहतं, बघणारा नाहीसा होतो.

या तीन शब्दांमुळे आणखी एक गोष्ट निकालात निघते. बालकवी १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. हे माहीत झालं की विद्यार्थ्यांना काळ्या डोहात मृत्यू दिसू लागतो, आणि उत्तरात ‘मृत्यूची चाहूल’ हमखास उतरते. कवितेत काळोख आहे, नाही म्हणत नाही. पण तो ‘गोड’ आहे असं कवी स्वच्छ सांगतो, आणि झाड पाण्यात पाय सोडून निवांत बसलं आहे. चरित्रातलं दुःख कवितेच्या वातावरणावर ओतायचं नसतं. तुम्हाला उदासी दिसली तर खुशाल लिहा, फक्त ‘गोड’ला उत्तर देऊन लिहा.

मर्ढेकरांबद्दल थोडक्यात, कारण तिथला पेच उघड आहे. ‘काही कविता’ (१९४७) मधली उंदरांची कविता:

पिपात मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;

ओळ सोळा मात्रांची, चाल बडबडगीताला शोभेल अशी. आशय पिपात मेलेल्या उंदरांचा. पुढे ‘गरिब बिचारे बिळांत जगले’ येतं, आणि ते ‘गरिब बिचारे’ आपण रोज ज्या सहज सुरात म्हणतो त्याच सुरात येतं, कणव आहे की नुसतं हळहळून पुढे जाणं आहे हे कळू न देता. वातावरण किळसवाणं, कोंदट. सूर सपाट, जवळजवळ खेळकर. इथे दोहोंना एकाच विशेषणात बांधायला गेलात तर कविता हातातून निसटलीच म्हणून समजा. छंदही सुराचा भाग असतो, ही गोष्ट रसग्रहणाच्या उत्तरांत जवळपास कुणी लिहीत नाही.

गद्यात हीच तऱ्हा लक्ष्मीबाई टिळकांची. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली ‘स्मृतिचित्रे’ नुसत्या घटनांच्या यादीने वाचली तर दुःखाचं पुस्तक ठरेल: सोवळ्याच्या वेडाने घर वेठीला धरणारे वडील, लहानपणी झालेलं लग्न, सांगून-न सांगून घर सोडणारा नवरा, १८९५ साली त्याने केलेलं धर्मांतर आणि त्यातून आलेली ताटातूट. पण सांगणारी बाई हसत सांगते, आणि सगळ्यात जास्त स्वतःला हसते. हा विनोद दुःख झाकायला आणलेला नाही. पुष्कळ वर्षांनंतर, सगळं पचवून झाल्यावरचा तो आवाज आहे. काळाचं अंतर हेही सूर घडवतं: घटना घडत असतानाची लक्ष्मी आणि ती सांगणाऱ्या लक्ष्मीबाई या दोन वेगळ्या. आत्मचरित्र वाचताना कुठल्या वयाचा आवाज बोलतो आहे, हे पहिल्यांदा बघायचं.

गद्यातला सूर हाताने करून बघितल्याशिवाय कळत नाही असं माझं मत आहे. घटना एकच घ्या: गावाकडचं घर विकलं.

‘शेवटी घर विकलं. सह्या झाल्या, चहा झाला, घेणाऱ्याने किल्ली खिशात टाकली.’

‘विकलं म्हणे घर! चार पिढ्यांनी राखलं, ते यांना चार वर्षं सांभाळवेना.’

‘घर विकलं त्या दिवशी आई एवढंच म्हणाली, “तुळशीला पाणी घालतील ना रे ते?”’

पहिल्यात बोलणारा आवंढा गिळून हकिगत सांगतो. चहा आणि किल्ली हे तपशील त्याच्या वतीने बोलतात. दुसऱ्यात तो लांब उभा राहून बोट दाखवतो. ‘म्हणे’ आणि ‘यांना’ काढा, राग निम्मा होतो. तिसऱ्यात निवेदक बाजूला सरकला आणि बोलायचं काम आईला दिलं. गंमत अशी की पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याचं वातावरण जवळजवळ सारखं आहे, सूर मात्र नाही. दुसऱ्याचं वातावरणही वेगळं. असे आपले आपण तीनचार तुकडे लिहून बघा, एखादा पारावरच्या गप्पांतला, एखादा दस्तऐवजातला. परीक्षेच्या तयारीत हा वेळ फुकट जात नाही.

आता उत्तर लिहिण्याबद्दल. शाळेपासून रसग्रहण आपण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं अशा कप्प्यांत शिकलो, आणि सूर या तिन्ही कप्प्यांच्या मधल्या फटीत पडतो. म्हणून तो कुणी शिकवत नाही आणि एकदम वरच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत भेटतो. तुम्ही एक विशेषण लिहिलंत की त्याला लगेच मजकुरातला एक शब्द जोडा, आणि तो शब्द बदलला तर काय हरवेल ते सांगा. सूर वळत असेल तर कुठल्या ओळीवर, तेही सांगा. सूर आणि वातावरण एकाच वाक्यात ‘असून’ने बांधायची सवय सोडा, दोन वेगळी वाक्यं करा, म्हणजे ती दोन वेगळी आहेत की नाहीत याचा विचार आपोआप करावा लागतो.

‘बरें जालें’वर मी असं काहीसं लिहीन: ‘देवाला एकेरीत उद्देशून केलेल्या या बोलण्यात “बरें” पहिल्या चरणात दिवाळ्याला जोडलं गेल्यामुळे उपरोधिक वाटतं. “बरा आलों तुज शरण” इथे तोच शब्द सरळ अर्थाने येतो आणि आधीच्या सगळ्या “बरें”ना मागे वळून नवा अर्थ देतो. मात्र “लेंकरें बाईल उपेक्षिलीं” या चरणात हा स्वीकार पुरता टिकत नाही, त्यात अपराधाची जाणीव मिसळते. वातावरण आरंभी कोंडीचं आहे. शेवटच्या जागरणात ती कोंडी फुटते, भूक मात्र तशीच राहते.’ चारपाच वाक्यं झाली आणि ‘गंभीर’ हा शब्द लागला नाही.

उपरोधाबद्दल एक सावधगिरी. विद्यार्थी हल्ली जिथे तिथे उपरोध शोधतात, कारण तो सापडला की हुशार वाटतं. बोलणाऱ्याचे शब्द आणि त्याची भूमिका यांत फट आहे हे मजकुरातून दाखवता आलं तरच उपरोध म्हणा. कवी साधेपणाने आनंदी असू शकतो, साधेपणाने रागावलेलाही असू शकतो. ‘भले तरी देऊं कासेची लंगोटी । नाठ्याळाचे माथीं हाणूं काठी’ म्हणणारे तुकोबा काठीबद्दल उपरोधाने बोलत नसावेत.

सरावाला पुढचा अभंग घ्या: ‘कन्या सासुर्‍यासी जाये । मागें परतोनी पाहे ॥ तैसें जालें माझ्या जिवा । केव्हां भेटसी केशवा ॥’ पहिल्या दोन चरणांत बोलणारा कुठे उभा आहे, मुलीच्या बाजूला की दारात उभ्या राहिलेल्या माणसांच्या? तिसऱ्यात तो कुठे जातो? आणि मुलगी माहेराकडे वळून बघते आहे, तर या हिशेबाने केशव कोण ठरतो? आधी हे कागदावर लिहा, विशेषण नंतर शोधा.